नगरची ॲना आणि सयामचा राजा

एक जुना, प्रशस्त वाडा असतो. वाड्याचा धनी रगेल आणि रंगेल. घोडे, पत्ते आणि परक्या बायका यांत त्याचे निम्मे आयुष्य गेलेले असते. वाड्यात एक आईवेगळे मूल असते आणि त्याला शिकवण्यासाठी एके संध्याकाळी, हातात एक ट्रंक घेऊन, एक गरीब पण मानी तरुणी येते. दिसायला साधी, बोलायला सडेतोड. पहिल्या पन्नास पानांत दोघांचे खटके उडतात. पुढच्या शंभर पानांत धनी तिच्या अभ्यासाच्या खोलीशी घुटमळू लागतो. मग एखादा गैरसमज, एखादे आजारपण किंवा एखादी आग, आणि शेवटच्या पानावर वाड्याच्या किल्ल्या तिच्या कमरेला!

वाचकहो, ही गोष्ट तुम्ही कधी ना कधी वाचलेली किंवा पडद्यावर पाहिलेली आहेच. इंग्रजीत अशा घरी राहून मुलांना शिकवणाऱ्या बाईला 'गव्हर्नेस' म्हणतात. सरदार आणि गव्हर्नेस यांच्या प्रेमकथांनी गेली पावणेदोनशे वर्षे जगभरच्या छापखान्यांना काम पुरवले आहे. आमच्या पिंपळगाव बसवंतासारख्या कांदा, टोमॅटो आणि द्राक्षांच्या हिशेबात बुडालेल्या गावात असले काही कोण वाचत असेल, असे परक्या माणसाला वाटेल. पण एप्रिलची खरड छाटणी उरकून घरातली माणसे जरा टेकली, की वाचनालयातून ज्या पुस्तकांची मागणी वाढते, त्यांत याच घाटाच्या कादंबऱ्या पुष्कळ असतात. वाडा कधी इंग्लंडातला, कधी कोल्हापूरकडचा. गव्हर्नेसच्या जागी कधी शिकवणीची बाई, कधी परिचारिका. सांगाडा तोच.

मीही चार कादंबऱ्या लिहिल्या असल्याने या सांगाड्याला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. वाचणाऱ्या बाईला त्यात काय मिळते, हे उघड आहे. ज्या घरात आपण नोकर म्हणून शिरलो, तेथे आपली किंमत कोणाला तरी कळावी, ही इच्छा काही वाईट नव्हे. पण बत्तीस वर्षे बँकेच्या खुर्चीवर काढलेल्या माणसाला एक खोड जडते. कोणतीही गोष्ट वाचताना तो मनात विचारतो, 'या बाईला पगार किती होता?'

हा प्रश्न विचारला, की या प्रेमकथेचा रंग बदलू लागतो. या साऱ्या कथांची आद्य आजी म्हणजे शार्लट ब्राँटेची 'जेन एअर' ही १८४७ साली आलेली कादंबरी. आपल्याकडे १९५२ साली दिलीपकुमार आणि मधुबालाचा 'संगदिल' तिच्यावरूनच, बराच बदल करून, निघाला. कादंबरीतल्या जेनला वर्षाला तीस पौंड पगार आहे. खुद्द शार्लट १८४१ साली गव्हर्नेस होती, तेव्हा तिचा पगार कागदावर वीस पौंड होता. पण कपडे धुण्याचे पैसे कापून हातात पडायचे सोळा! गव्हर्नेसची अडचण अशी, की ती नोकरांत बसून जेवू शकत नव्हती, कारण ती शिकलेली. आणि मालकांत बसू शकत नव्हती, कारण ती पगारी. जेवणाचे ताट बहुधा तिच्या खोलीत यायचे. म्हातारपणी हातपाय थकल्यावर जायचे कोठे, याचे उत्तर नसलेल्या गव्हर्नेस इतक्या होत्या, की त्यांच्यासाठी १८४०च्या दशकात लंडनमध्ये एक मदतसंस्था उभारावी लागली.

शार्लटला हे सगळे अनुभवाने ठाऊक होते. म्हणून तिने एक गोष्ट केली, जी तिच्या मागून आलेल्या बहुतेक लेखकांनी गाळली. जेन लग्नासाठी परत जाते, त्याआधी तिला काकाकडून वीस हजार पौंडांचा वारसा मिळतो. ती त्याचे चार वाटे करून पाच हजार स्वतःकडे ठेवते आणि मगच त्या वाड्याच्या धन्याचा हात धरते. किल्ल्या कमरेला येण्याआधी खात्यात शिल्लक आली होती. मागच्यांनी आग ठेवली, गैरसमज ठेवले, शिल्लक मात्र काढून टाकली.

आता मुख्य प्रश्न. असे खरेच कोठे घडले काय? म्हणजे खरा राजा, खरी गव्हर्नेस आणि त्यांची गाजलेली प्रेमकथा? जगात या प्रकारची जी सर्वांत प्रसिद्ध जोडी आहे, तिच्यातल्या बाईचा जन्म आपल्यापासून फार लांब झालेला नाही. येवल्यावरून कोपरगाव, राहुरी करत गेले की नगर लागते, आजचे अहिल्यानगर. त्या नगरच्या लष्करी वस्तीत नोव्हेंबर १८३१ मध्ये ही मुलगी जन्मली. नाव ॲना एडवर्ड्‌स. जगाला ती ठाऊक आहे ॲना लिओनोवेन्स म्हणून, 'द किंग अँड आय'मधली, सयामच्या राजाच्या मुलांना शिकवणारी इंग्रज मास्तरीणबाई.

तिचे वडील टॉमस एडवर्ड्‌स मूळचे सुतारकाम करणारे कारागीर, कंपनी सरकारच्या फौजेत सार्जंट झालेले. आई मेरी ॲन ग्लासकॉट. दोघांचे लग्न १८२९ साली ठाण्याच्या सेंट जेम्स चर्चमध्ये लागले. ॲना जन्मण्यापूर्वीच वडील वारले. आईचे वडील इंग्रज लष्करी अधिकारी, आणि आजी बहुधा हिंदी किंवा मिश्र रक्ताची, असे अभ्यासक मानतात. आईने पुन्हा लग्न केले ते एका आयरिश शिपाईगड्याशी. म्हणजे ही मुलगी वाढली ती छावणीच्या बराकींत, जेथे एका खोलीत दोन-दोन कुटुंबे मधे चादर टांगून राहत. नगर-पुण्याच्या बाजारातली मराठी तिच्या कानावरून गेलीच असणार.

अठराव्या वर्षी, १८४९ च्या नाताळच्या दिवशी, पुण्यात तिने टॉमस लिऑन ओवेन्स नावाच्या कारकुनाशी लग्न केले. हा प्रेमविवाह होता. नवऱ्याचे मधले नाव आणि आडनाव एकत्र करून पुढे 'लिओनोवेन्स' झाले. नंतरची दहा वर्षे नोकरीच्या शोधात ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, पिनांग अशी वणवण झाली. पहिली दोन मुले तान्हेपणी गेली. एविस ही मुलगी आणि लुई हा मुलगा जगले. पिनांगला टॉमसला खाणावळ-हॉटेल सांभाळण्याचे काम मिळाले आणि तेथेच मे १८५९ मध्ये तो अचानक वारला. वय एकतीस.

सत्तावीस वर्षांची विधवा, दोन लहान मुले, हाताशी पैसा नाही. माझ्या नोकरीच्या काळात अशा किती बाया काउंटरसमोर उभ्या राहिलेल्या पाहिल्या! नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला हातात, आणि खात्यात शिल्लक किती ते ठाऊक नाही. पदर डोक्यावर ओढून त्या विचारत, 'साहेब, आता पुढं काय करायचं?' ॲनाने पुढे जे केले, ते साध्या धैर्याचे काम नव्हते. सिंगापूरला जाऊन तिने अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. आणि शाळेबरोबरच तिने स्वतःलाही नव्याने घडवले.

नव्या ॲनाचा जन्म नगरला नव्हे, तर वेल्समधल्या कार्नार्व्हनला झाला होता. वडील सार्जंट नव्हे, कॅप्टन. नवरा कारकून नव्हे, मेजर. वाघाच्या शिकारीत उन्हाचा तडाखा बसून गेलेला. आणि वारशाचा पैसा? तो सत्तावन्नच्या बंडात बँका बुडाल्या तेव्हा गेला. या शेवटच्या तपशिलाला मी बँकवाला म्हणून दाद देतो. बँक बुडाली म्हटले की पुढचे प्रश्न कोणी विचारत नाही. पण बुडण्याआधी खाते असावे लागते, एवढेच!

हसू येते, पण ही थाप तिने हौसेने मारली नव्हती. त्या काळच्या सिंगापुरात शिपायाच्या, मिश्र रक्ताच्या मुलीला कोणा खानदानी घराने आपली मुले शिकवायला दिली नसती. इंग्रजी तेच, अक्षर तेच, हुशारी तीच; पण जन्मगाव 'अहमदनगर' लिहिले की दार बंद, आणि 'कार्नार्व्हन' लिहिले की दार उघडे. तिने दार उघडणारा शब्द लिहिला. त्याची किंमतही चुकती केली. माहेरच्या माणसांशी तिने संबंध तोडले ते कायमचे. तिच्या बहिणीचा नातू पुढे हॉलिवूडमध्ये बोरिस कार्लोफ या नावाने गाजला. १९३१च्या 'फ्रँकेन्स्टाइन' चित्रपटातला तो भयानक राक्षस म्हणजे आपल्या या ॲनाचा नातेवाईक. दोघांनीही मूळ नाव टाकून नवे धारण केले, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

शाळा काही नीट चालली नाही. तेवढ्यात १८६२ साली सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा, राजा मोंगकुट आपल्या मुलांसाठी इंग्रजीची शिक्षिका शोधत होता. सिंगापुरातल्या त्याच्या वकिलामार्फत ॲनाला बोलावणे आले. महिना शंभर डॉलर पगार आणि राहायला घर. राजाची एक अट होती. भाषा, विज्ञान, वाङ्मय शिकवावे. धर्मांतराच्या भानगडीत पडू नये. मिशनरी बायकांचा अनुभव घेऊन झाल्यावर घातलेली ही अट होती. मुलीला इंग्लंडमध्ये शाळेत ठेवून, पाच वर्षांच्या लुईला घेऊन ॲना बँकॉकच्या धक्क्यावर उतरली.

इथे कादंबरीकाराचे हात शिवशिवू लागतात. तरुण विधवा आणि अंतःपुर बाळगणारा राजा! मोंगकुटच्या नावावर एकूण ८२ मुले सांगितली जातात; राण्या आणि उपस्त्रिया मिळून ३९. यापेक्षा रंगेल नायक कोठे मिळणार? मार्गारेट लँडन या अमेरिकन लेखिकेने १९४४ साली ॲनाच्या आठवणींवरून कादंबरी लिहिली, १९४६ साली चित्रपट निघाला, १९५१ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर 'द किंग अँड आय' ही संगीतिका आली आणि १९५६ साली युल ब्रिनर आणि डेबोरा कर यांचा चित्रपट. टक्कल केलेला, अनवाणी, हट्टी राजा आणि घेरदार झग्यातली ॲना दिवाणखान्यात गिरक्या घेत नाचतात, आणि शेवटी राजा मरणशय्येवर असताना ती त्याच्या उशाशी असते. प्रेमाचा शब्द कोणी उच्चारत नाही. पण प्रेक्षकाने जे समजायचे ते समजतो.

खरा मोंगकुट कसा होता? ॲना पोहोचली तेव्हा तो सत्तावन्न वर्षांचा होता. गादीवर येण्यापूर्वी सत्तावीस वर्षे तो बौद्ध भिक्षू होता. पाली तर येतच होती. लॅटिन आणि इंग्रजीही तो शिकला होता आणि खगोलशास्त्राचा त्याला नाद होता. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण कोठून आणि केव्हा दिसेल, याचे गणित त्याने स्वतः मांडले होते. त्या ग्रहणाची सावली आधी आपल्या हिंदुस्थानावरून गेली. कोकणात विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचा कट्टा' अजून दाखवतात, तो त्याच ग्रहणाच्या निरीक्षणाची आठवण म्हणून. तिकडे सयामच्या किनाऱ्यावर राजाने परदेशी पाहुण्यांना बोलावून ग्रहण दाखवले. गणित अचूक ठरले. पण त्या दलदलीच्या मुलखात त्याला हिवताप जडला आणि १ ऑक्टोबरला तो गेला. त्याच्या उशाशी ॲना नव्हती. ती आदल्या वर्षीच, १८६७ मध्ये, प्रकृतीच्या कारणाने सयाम सोडून गेली होती.

म्हणजे नाच नाही, उशाशी बसणे नाही. मग सहा वर्षे दोघांत होते तरी काय? ते ॲनाच्याच १८७० सालच्या पुस्तकात सापडते. पहिला मोठा झगडा आहे तो घराचा. कबूल केलेले स्वतंत्र घर मिळावे, राजवाड्याच्या भिंतीआड राहणार नाही, यासाठी ती अडून बसली. दुसरा झगडा पगारवाढीचा. शिकवण्याबरोबर राजाच्या इंग्रजी पत्रव्यवहाराचे कामही तिच्या गळ्यात पडले. काम वाढले, मग पगार का वाढू नये, हा तिचा सवाल, आणि ही बाई फार मागते, ही राजाची तक्रार. कोणत्याही कचेरीत, कोणत्याही संस्थेत ओळखीचा वाटेल असा हा संवाद आहे. जगाने त्यावर संगीत चढवले आणि त्याला प्रणय म्हटले.

मला वाटते, या कथेतली खरी मेख येथे आहे. हक्काचे घर मागणारी आणि कामाचा मोबदला मागणारी बाई लोकांना नायिका म्हणून पुरेशी वाटत नाही. तिने मालकाच्या प्रेमात पडावे लागते. तसे झाले की घराचा प्रश्नच उरत नाही. पूर्ण वाडाच तिचा! आणि नायिकेने सुधारण्यासाठी नायक बिघडलेला हवा, म्हणून पाली-लॅटिन जाणणाऱ्या, ग्रहणाचे गणित मांडणाऱ्या राजाला आडदांड करावे लागले. थायलंडच्या लोकांना हे इतके लागले, की या चित्रपटावर तेथे बंदी आहे. १९९९ साली जोडी फॉस्टरला घेऊन तीच कथा पुन्हा चित्रित झाली, तेव्हाही थायलंडने परवानगी नाकारली आणि चित्रीकरण मलेशियात करावे लागले.

यात ॲना अगदीच निर्दोष नाही. सयाममधून निघाल्यावर तिला पुन्हा पोटासाठी लिहावेच लागले, आणि अमेरिकेतल्या वाचकाला काय आवडते ते तिला बरोबर कळले होते. तिच्या दुसऱ्या पुस्तकात अंतःपुरातल्या छळाच्या, तळघरातल्या अंधारकोठड्यांच्या गोष्टी आहेत. बँकॉकची जमीन अशी पाणथळ, की तेथे तळघरे टिकणार कशी, असा प्रश्न अभ्यासकांनी विचारला आहे. १८९७ साली लंडनमध्ये तिचा जुना विद्यार्थी, आता राजा झालेला चुलालोंगकोर्न, तिला भेटला. त्याने बाईंचे आभार मानले. आणि माझ्या वडिलांबद्दल असे का लिहिलेत, ही खंतही बोलून दाखवली. पासष्ट वर्षांच्या मास्तरीणबाईंना त्या वेळी काय वाटले असेल!

या चुलालोंगकोर्नने आपल्या राज्यातली गुलामगिरी टप्प्याटप्प्याने कमी करत १९०५ साली संपवली. त्याचे सगळे श्रेय ॲनाला देणे हा भाबडेपणा ठरेल. बापही तसाच विचारी होता. पण राजपुत्राला कोण शिकवते, याने काही फरक पडत नाही असेही नाही. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ बारा वर्षांचा असताना १८७५ साली बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. त्याला अक्षर-ओळखीपासून शिकवावे लागले. इलियटसाहेबांसारखा शिक्षक त्याला मिळाला. आणि १९०६ साली त्या राजाने आपल्या सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शिकवणाऱ्याच्या पगारातून राज्याला काय मिळते, याचा हिशेब तीस वर्षांनी लागतो.

ॲनाचे पुढे काय झाले? तिने न्यूयॉर्कजवळ मुलींची शाळा काढली, व्याख्याने दिली, १८८४ साली रेल्वेपूर्व काळातल्या हिंदुस्थानावर पुस्तक लिहिले. मुलगी एविसने एका बँकेच्या मोठ्या अधिकाऱ्याशी लग्न केले, आणि त्यांच्याबरोबर ॲना कॅनडातल्या हॅलिफॅक्सला गेली. तेथे १८८७ साली कलाशाळा स्थापण्यात तिचा पुढाकार होता; ती संस्था आज विद्यापीठ आहे आणि तिथल्या कलादालनाला ॲनाचे नाव आहे. जानेवारी १९१५ मध्ये, त्र्याऐंशीव्या वर्षी, ती माँट्रियलला वारली. 'कार्नार्व्हनची ॲना' शेवटपर्यंत टिकली. तिचे बिंग फोडले ते १९७०च्या दशकात ब्रिस्टो नावाच्या एका गृहस्थाने. हा मूळचा कोळ्यांचा शास्त्रज्ञ, म्हणजे जाळी विणणाऱ्या कोळ्यांचा! लुईचे चरित्र लिहायला घेतले तर जन्माच्या नोंदी जुळेनात. धागा ओढत ओढत तो नगरपर्यंत पोहोचला.

या सगळ्यात प्रेमकथा नाहीच का? आहे. ती राजवाड्यातली नाही, पुण्यातली आहे. अठराव्या वर्षी एका फाटक्या कारकुनाशी लग्न करणाऱ्या, त्याच्याबरोबर तीन देश हिंडणाऱ्या, दोन मुले पुरणाऱ्या या बाईने नवरा गेल्यावर पंचावन्न वर्षे काढली आणि दुसरे लग्न केले नाही. तिने त्याला मेजर करून टाकले, ते नोकरीसाठी खरेच. पण त्यात थोडी मायाही असावी, असे माझ्यातल्या कादंबरीकाराला वाटते. त्याचे नाव मात्र तिने बदलले नाही. तेच जगभर मिरवले.

तेव्हा वाड्याच्या आणि रंगेल सरदाराच्या कादंबऱ्या घरातल्या मुलींनी वाचू नयेत, असे मी म्हणणार नाही. खुशाल वाचाव्यात, मीही वाचतो. फक्त नायिका ट्रंक घेऊन वाड्यात शिरते त्या पानावर जरा थांबावे आणि तिचा पगार किती, तो तिच्या हाती पडतो का, आणि उद्या हे घर सुटले तर ती कोठे जाईल, एवढे विचारावे. आणि नगरला कधी जाणे झाले, तर भुईकोट किल्ला पाहायला आपण जातोच, नेहरूंची ग्रंथलेखनाची खोली पाहतोच. त्याच गावात जन्मलेल्या आणि गावाचे नाव आयुष्यभर लपवून ठेवावे लागलेल्या मास्तरीणबाईंची गोष्ट सोबतच्या मुलांना सांगायला हरकत नाही.